पर्वतवासाचा सल्ला देण्यापूर्वी

आहार, विहार आणि औषध यांविषयीचे प्रश्न वैद्याला नित्याचेच असतात. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘‘डॉक्टरसाहेब, आता इथले सगळे आवरून चिखलदऱ्याला कायमचे राहायला जावे म्हणतो. हवा चांगली, गर्दी कमी, रोज डोंगर हिंडता येईल. आमच्या प्रकृतीला ते मानवेल काय?’’ मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या मोठ्या खेड्यात जर हा प्रश्न विचारला जातो, तर अकोला, अमरावती आणि नागपूर येथील वैद्यबंधूंच्या कानांवर तो कितीदा येत असेल, याची कल्पना करता येते.

विचारणारे सामान्यतः तीन प्रकारचे असतात. पहिले, सेवानिवृत्त झालेले आणि मुले परगावी स्थिरावलेले गृहस्थ. दुसरे, व्यापारात चार पैसे गाठीला बांधलेले, परंतु मेद, रक्तदाब आणि निद्रानाश यांनीही गाठलेले पन्नाशीचे लोक. तिसरे, २०२० च्या महामारीनंतर घरी बसून संगणकावर काम करण्याची सवय लागलेली तरुण मंडळी. या सर्वांना महाबळेश्वर आणि लोणावळा नको असते, कारण तेथे गर्दी झाली आहे. त्यांना सातपुड्यातले चिखलदरा हवे असते, तोरणमाळ हवे असते. पहाटे चढण चढावी, पक्षी पाहावेत, सायकल चालवावी, रात्री निवांत झोपावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती निर्मळ आहे आणि तिची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही.

परंतु या प्रश्नाला आपण वैद्य मंडळी जे उत्तर देतो, ते पुष्कळदा विचारपूर्वक दिलेले नसते. ‘‘अवश्य जा, हवापालट चांगलाच’’, असे म्हणून आपण मोकळे होतो. चूर्णाची मात्रा ठरविताना आपण दहा गोष्टी विचारतो; मग माणसाचा संपूर्ण देश बदलण्याचा सल्ला एका वाक्यात कसा देता येईल? पर्वतवास हे औषध आहे असे आपण मानत असू, तर त्यालाही मात्रा, काल, अनुपान आणि अपथ्य असलेच पाहिजे. या लेखात आम्हांला एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे.

संहितांचे मत

पर्वताकडे जाण्याची कल्पना आपल्या शास्त्राला नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायन अध्यायात एक मोठी बोधप्रद कथा आहे. वस्ती करून राहणारे आणि भटकंती करणारे असे दोन्ही प्रकारचे ऋषी काही काळ ग्राम्य आहार घेऊ लागले, सुखवस्तू झाले, त्यांच्या हालचाली मंदावल्या आणि नित्यकर्मेही त्यांना झेपेनाशी झाली. ग्राम्यवासाने आपल्याला हा दोष जडला हे ओळखून ते आपल्या मूळ स्थानी, हिमालयात परतले. आजच्या मेदस्वी आणि थकलेल्या शहरवासीयाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

मात्र ही कथा आपण अर्धीच सांगतो. हिमालयात पोहोचल्याबरोबर ते ऋषी बरे झाले, असे चरक म्हणत नाहीत. तेथे इंद्राने त्यांना रसायनाचा उपदेश केला, औषधी सांगितल्या, त्यांच्या सेवनाचा विधी सांगितला. त्याच अध्यायात पुढे आचाररसायन येते. सत्य बोलावे, क्रोध आवरावा, मद्यापासून दूर राहावे, झोप आणि जागरण यांचे प्रमाण राखावे, देश-काल जाणून वागावे, अशा आचरणालाच तेथे रसायन म्हटले आहे. म्हणजे स्थान हे केवळ निमित्त होते. काम केले ते विधीने आणि आचाराने. ज्यांना सर्व सोडून कुटीत राहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वातातपिक रसायनाचा मार्गही याच शास्त्राने मोकळा ठेवला आहे. आपल्या व्यवहारात राहून, ऊनवारा सोसत घ्यावयाचे हे रसायन डोणगावच्या शेतकऱ्याला आणि शिक्षकालाही घेता येते.

दुसरी गोष्ट याहून लक्षणीय आहे. सूत्रस्थानात जेथे प्रत्येक वर्गातील श्रेष्ठ पदार्थांची गणना केली आहे, तेथे औषधी उगवणाऱ्या भूमींमध्ये हिमालयाला अग्रस्थान दिले आहे. आरोग्यदायी देशांमध्ये मात्र अग्रस्थान मिळाले आहे ते मरुभूमीला, म्हणजे कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशाला. आणि अहितकर देशांमध्ये अनूप देश पुढे ठेवला आहे. औषधाची भूमी आणि आरोग्याची भूमी असा भेद आचार्यांनी केला, याकडे आपले दुर्लक्ष होते. हिरवे, ओलसर आणि धुक्याने वेढलेले ते सारे आरोग्यदायी, ही समजूत शास्त्राची नाही. ती पर्यटनाच्या जाहिरातींनी रुजविलेली आहे.

चिखलदऱ्याचा देशविचार

या कसोटीवर चिखलदरा पाहू. अमरावती जिल्ह्यातील हे गिरिस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने ते इंग्रजांच्या नजरेस आणले, असे सांगतात. त्याआधीच, डिसेंबर १८०३ मध्ये, शेजारचा गाविलगड आर्थर वेलस्लीच्या सैन्याने जिंकला होता. विदर्भातील हे एकमेव सर्वपरिचित थंड हवेचे ठिकाण कॉफीच्या बागांसाठीही ओळखले जाते.

उंची वाढली की हवा थंड होते. साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सियस असा हा हिशेब आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे. तेथून चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाला पाच अंशांचा दिलासा मिळतो. आपण बुलडाण्याचे घाटावरचे लोक मात्र मुळातच पठारावर राहतो, त्यामुळे आपल्या वाट्याला त्यातले तीन-चार अंशच येतात. घाटावर आणि घाटाखाली हा आपल्या जिल्ह्यातील रोजच्या बोलण्यातला भेद म्हणजे एक प्रकारचा देशविचारच होय. मलकापूर-नांदुऱ्याचा माणूस घाट चढून बुलडाण्याला आला की जे अनुभवतो, त्याचाच पुढचा टप्पा म्हणजे चिखलदरा.

उन्हाळ्याचे हे झाले. पावसाळ्यात मात्र तोच डोंगर वेगळा देश होतो. वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. जांगल वा साधारण देशात जन्म घालविलेल्या माणसासाठी हे चार महिने अनूप देशातील वास्तव्यच ठरतात. तमकश्वासाच्या रुग्णाचा वेग ढगाळ हवेने, थंड वाऱ्याने आणि दमटपणाने वाढतो, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. आमवात आणि संधिवात यांच्या रुग्णांची अवस्था निराळी सांगावयास नको. मे महिन्यात चार दिवस राहून ‘‘दमा एकदम कमी झाला’’ म्हणून घर घेण्यास निघालेल्या रुग्णाला, एक श्रावण तेथे काढून मग ठरवा, एवढे सांगणे आपले कर्तव्य आहे.

हवेचा दाबही विचारात घ्यावा लागतो. या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे बारा टक्क्यांनी कमी असतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. परंतु हृद्रोगी, पांडुरोगी किंवा फुप्फुसे क्षीण झालेला रुग्ण तेथे जाऊन पहिल्याच दिवशी दरीतून वर चढू लागला, तर त्याला ते निश्चित जाणवते. गुडघ्यांना चढणीपेक्षा उतरण अधिक त्रास देते, हेही साठी ओलांडलेल्यांना आधी सांगितलेले बरे.

इंग्रजांचा ऋतुवास आणि क्षयरोग्यांचा पर्वतवास

गिरिस्थाने इंग्रजांनी वसविली, हे आपण शाळेत शिकतो. ती त्यांनी कशी वापरली, याकडे मात्र लक्ष देत नाही. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर आकाराला आले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा शोध लावला. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. हा सर्व ऋतुवास होता. उन्हाळ्यात चढावे आणि पाऊस लागण्यापूर्वी उतरावे, असा तो क्रम होता. महाबळेश्वराच्या पावसात मुक्काम ठोकण्याचा हट्ट त्यांनी केला नाही. ऋतुचर्येचे आपले ग्रंथ त्यांनी वाचले नसतील, पण त्यांचे वर्तन ऋतुचर्येला धरून होते. आज आपण त्यांच्याकडून बंगला घेतला आणि क्रम सोडून दिला.

दुसरा धडा क्षयरोगाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हेर्मान ब्रेमर यांनी आणि स्वित्झर्लंडमधील दावोस येथे अलेक्झांडर स्पेंग्लर यांनी डोंगरावरील हवेत क्षयरोग्यांची निवासी चिकित्सा सुरू केली. तो विचार जगभर पसरला. आपल्याकडे पाचगणीला याच हेतूने आरोग्यधाम उभे राहिले. दीर्घ विश्रांती, पौष्टिक अन्न, मोकळी हवा आणि बेताचे चालणे हा तेथील उपचार होता. औषधे नसलेल्या त्या काळात हाच एक आधार होता. त्यामागील करुणेला आम्ही वंदन करतो.

पुढे प्रभावी औषधे आली आणि या समजुतीची परीक्षा झाली. मद्रास येथील क्षयरोग चिकित्सा केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवून औषधे दिली. दुसऱ्या गटाला तीच औषधे घरी राहून घेण्यास सांगितले. घरी राहणारे बहुतेक गरीब होते, दाटीवाटीच्या वस्तीत राहात होते, त्यांचे अन्न निकृष्ट होते आणि विश्रांतीही कमी होती. तरीही दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे आले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने जगातील क्षयचिकित्सेची दिशाच बदलली. हवा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या गुणाचे श्रेय आपण स्थानाला देतो, तो गुण पुष्कळदा नियमाचा असतो, असा त्याचा अर्थ आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकाने हा निष्कर्ष खेदाने नव्हे, तर आनंदाने स्वीकारावा. कारण नियमावर भर देणारे शास्त्र आपलेच आहे.

गर्दीपासून पळणाऱ्यांची गर्दी

कमी गर्दीचे ठिकाण शोधणारा प्रत्येक जण त्या ठिकाणी एक माणूस वाढवितो. हा हिशेब साधा आहे, पण जाणाऱ्याला तो दिसत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ मध्ये आणि माथेरान फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केले. माथेरानमध्ये खासगी मोटारींना पूर्वापार मज्जाव असल्याने तेथील शांतता काही अंशी टिकली. अन्यत्र केवळ अधिसूचनेने गर्दी हटली नाही. लोणावळ्यात भुशी धरणाजवळील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा मौजेचे ठिकाण मृत्यूचे कसे होते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दक्षिणेत उटी आणि कोडाईकनाल येथे वाहनांची रीघ आवरण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून प्रवेशपत्राची पद्धत सुरू करावी लागली. पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात लवासा हे नवे गिरिनगर उभारण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविले आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कारवाईत गेले. तेथे घर घेऊन निवांत राहण्याचे स्वप्न पाहिलेल्या कित्येकांच्या हाती मनस्ताप आला.

चिखलदरा या वाटेवर अजून फार पुढे गेलेले नाही. २०११ च्या जनगणनेत या नगराची वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास होती. परंतु रस्ते सुधारत आहेत. आमच्या डोणगावच्या जवळून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. मुंबईचा माणूस आता एका दिवसात वऱ्हाडात येतो. जे अंतर चिखलदऱ्याला आजवर राखीत होते, ते कमी होत आहे.

त्यात पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. इतका पाऊस पडूनही चिखलदऱ्याच्या परिसरात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. उतार तीव्र, खाली काळा कातळ आणि साठवण थोडी. त्यामुळे पावसाचे पाणी पाहता पाहता दरीत उतरून जाते. नगराची भिस्त मोजक्या तलावांवर आहे आणि तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी ज्या महिन्यांत पाणी सर्वांत कमी, नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरचा माणूस सर्वांत जास्त येतो. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात चरकांनी वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती सांगितली आहे. एकाच्या आरोग्यासाठी दुसऱ्याचे उदक दूषित किंवा दुर्मिळ होत असेल, तर ती चिकित्सा नव्हे.

डोंगरावरून खाली आलेली माणसे

आपण डोंगर चढण्याचा विचार करीत असताना त्याच डोंगरावरून काही माणसांना खाली यावे लागले आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघांसाठी गाभ्याचे क्षेत्र मोकळे करावे म्हणून तेथील कोरकू आदिवासींच्या अनेक गावांचे पुनर्वसन झाले. त्यांतील बरीच गावे पायथ्याच्या अकोट-तेल्हारा भागात वसविण्यात आली. प्रत्येक कुटुंबासाठी दहा लाख रुपयांची तरतूद २००८ मध्ये करण्यात आली होती. ती २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. वाघ वाचलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु खाली आलेल्या काही गावांतील लोकांनी जमीन, पाणी आणि आरोग्यसेवा मिळाली नाही, आजारपणे आणि मृत्यू वाढले, अशी तक्रार केली. त्यातील काही जण २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये जंगलातल्या आपल्या जुन्या जागी परतले. दुसऱ्या वेळी केलपाणी परिसरात त्यांचा आणि वनकर्मचाऱ्यांचा दुर्दैवी संघर्ष झाला.

वैद्याच्या दृष्टीने यात एक मोठा पाठ आहे. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राहून कोदो-कुटकी, मोह आणि रानभाज्यांवर पोसलेल्या शरीराला सपाटीची उष्णता, वेगळे पाणी आणि दुकानातील धान्य एकाएकी मानवत नाही. देशसात्म्य आणि ओकसात्म्य हे शब्द परीक्षेपुरते नाहीत. सोडावयाचे ते पादांशाने, क्रमाक्रमाने सोडावे आणि नवे क्रमाने स्वीकारावे, हा नियम जसा आहाराला, तसा देशालाही लागू आहे. डोंगरावरून खाली येणाऱ्याला जो नियम बाधतो, तोच खालून वर जाणाऱ्यालाही बाधेल. फरक एवढाच की वर जाणाऱ्याला परत येण्यासाठी घर असते.

मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाची आणि मृत्यूंची बातमी १९९० च्या दशकापासून वेळोवेळी येत राहिली आहे. ज्या हवेसाठी आपण पैसे मोजावयास तयार आहोत, त्याच हवेत ही बालके दगावली. निर्मळ हवा असूनही अन्न, दळणवळण आणि वेळेवर मिळणारा वैद्य नसेल, तर आरोग्य नांदत नाही, याचा याहून दारुण पुरावा कोणता? बैरागडसारख्या दुर्गम गावी अनेक दशके राहून सेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आदिवासी भागांत भरारी पथकांतून पाड्यापाड्यांवर फिरणारे कित्येक वैद्यकीय अधिकारी तर आपल्याच शाखेचे, बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत, वर्षानुवर्षे ते तुटपुंज्या मानधनावर राबले. कायमचे डोंगरावर जावेसे ज्यांना खरोखरच वाटते, त्यांनी या माणसांकडे पाहावे. तेही डोंगरावर राहिले. पण ते घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी गेले.

मग सल्ला कोणता द्यावा?

आम्ही पर्वतवासाच्या विरोधात नाही. काही रुग्णांना देशपालट आवश्यकच असतो. आपल्याच जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात खारट पाण्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न गंभीर आहे. तेथील रुग्णाला पाणी बदलण्याचा सल्ला देणे हा खरा देशविचार. दुर्दैव असे की त्याला घर बदलणे परवडत नाही आणि ज्याला परवडते त्याला त्याची गरज नसते. म्हणूनच सरसकट होकार न देता काही पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवितो.

पहिले, परीक्षा. प्रकृती, वय, बल, अग्नी आणि विद्यमान व्याधी पाहिल्याशिवाय डोंगराचे नाव काढू नये. वातकफप्रधान श्वासरोगी, हृद्रोगी आणि गुडघेदुखीचे रुग्ण यांना आधुनिक तपासण्या करून घेण्यास सांगावे. रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले, तर परतवाड्यापर्यंतचा घाट उतरून मोठे रुग्णालय गाठण्यास किती वेळ लागेल, हे रुग्णाने स्वतः एकदा मोजून पाहावे.

दुसरे, मात्रा. प्रथम पंधरा दिवस, मग एक ऋतू, मग एक पूर्ण वर्ष, त्यात पावसाळा येईल अशा बेताने भाड्याच्या घरात राहावे. इथले घर आणि शेत विकण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

तिसरे, व्यायाम. डोंगरावर गेले म्हणजे दिवसभर चढउतार करावी, असे नव्हे. अर्धशक्तीची मर्यादा तेथेही आहे. कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली, श्वास जलद झाला की थांबावे. हेमंत, शिशिर आणि वसंत या ऋतूंत अर्धशक्तीपर्यंत आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, हा नियम शिखर पाहून बदलत नाही.

चौथे, अपथ्य. हवा खाण्यासाठी जाऊन रात्री मद्य, तळलेले पदार्थ आणि जागरण करणारा माणूस ग्राम्यवास पाठीवर बांधूनच डोंगर चढतो. आचाररसायन न पाळणाऱ्याला स्थानरसायन फळत नाही.

पाचवे, शेजार. जो कायम राहावयास जाईल, त्याने छपरावरील पावसाचे पाणी साठवावे, नवी विंधणविहीर खोदून शेजाऱ्याची विहीर आटवू नये, कचरा दरीत लोटू नये आणि औषधी वनस्पती मुळासकट उपटून आणू नये. ही शेवटची सूचना आपल्या व्यवसायबंधूंनाही आहे. सफेद मुसळीसारख्या वनस्पती जंगलातून ओरबाडल्या गेल्या, तर औषधीभूमीत औषधीच उरणार नाही.

पठारावरचे आरोग्य

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चिखलदऱ्याला जाऊन जे करावयाचे म्हणून लोक सांगतात, ते बहुतेक येथेही करता येते. पण येथे ते कोणी करीत नाही. डोणगावच्या शिवारातील पांदण रस्त्यांवरून पहाटे तासभर चालण्यास कोणी मनाई केलेली नाही. मेहकरला पैनगंगेचा काठ आहे. लोणारचे सरोवर, ज्याला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, ते आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. परदेशातून लोक ते पाहण्यास येतात आणि आपण मात्र पाहुणे आले तरच तिकडे फिरकतो. बुलडाणा-खामगाव दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य आहे, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगेत येऊन राहिला. त्याला जे जंगल इतक्या दुरून सापडले, ते आपल्यापैकी अनेकांनी अजून पाहिलेले नाही.

आणि चालण्याची परंपरा तर आपल्या रक्तातच आहे. शेगावला पायी जाणारे भाविक वर्षभर या रस्त्यांवर दिसतात. पहाटे उठणे, बेताचे खाणे, समूहाने चालणे, रात्री लवकर निजणे आणि वाटेत कोणावर न रागावणे, ही त्यांची दिनचर्या आरोग्यधामाच्या दिनचर्येहून फारशी वेगळी नाही. तीच दिनचर्या वारी संपल्यावर टिकत नाही, ही खरी अडचण आहे. उंचीची उणीव ही नव्हे.

तेव्हा वैद्यबंधूंनी आणि भगिनींनी पुढच्या वेळी हा प्रश्न ऐकला की प्रथम एक प्रतिप्रश्न करावा. तेथे जाऊन तुम्ही रोज जे करणार आहात, ते उद्यापासून तीन महिने येथे करून दाखवाल काय? जो करून दाखवील, त्यातील बहुतेकांना डोंगराची गरज उरणार नाही. ज्यांना तरीही ओढ राहील, त्यांना आनंदाने निरोप द्यावा, कारण ते तेथे ओझे म्हणून जाणार नाहीत, रहिवासी म्हणून जातील. आणि जो तीन महिने येथे चालू शकला नाही, त्याला नम्रपणे सांगावे की रोग शिवारात नाही, सवयीत आहे. आणि सवयीला घाट चढावा लागत नाही.